ओळखीचे खेळ: माहिती आणि परिचय

मंडळी, चिठ्ठीत विचारलंय, ‘नव्या टीमला गोल बसवून ओळखीचे खेळ घेतात, त्यानं खरंच ओळख होते का?’ प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. एखाद्याला ओळखणं म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला चांगलाच अवघड प्रश्न आहे.

बर्ट्रांड रसेल यांनी १९१२ साली ‘द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी’ या पुस्तकात वर्णनातून होणारं ज्ञान आणि साक्षात परिचयातून होणारं ज्ञान, असा भेद मांडला. (त्यांचा ‘परिचय’ फार काटेकोर आहे, दुसऱ्या माणसाला तो सहजी लागू होत नाही. आपण तो कामापुरता उसना घेऊ.) नाव, शिक्षण, छंद सांगून झाले की बारा जणांचं वर्णन हाती येतं. चहापर्यंत त्यातलं निम्मं विसरायलाही होतं.

आता आपली जुनी लग्नं आठवा. नवरा-नवरी बऱ्याचदा एकमेकांना अनोळखीच. त्यांना कुणी ‘आपले छंद सांगा’ म्हणत नसे. मुठीतली सुपारी सोडवा, परातीतल्या पाण्यात अंगठी शोधा! हट्टी कोण, मुद्दाम हरणारं कोण, हरल्यावर हसतं कोण, हे न विचारता कळायचं. म्हणून हातांना काही काम देणारा खेळ मला अधिक पसंत आहे.

बोलण्याचे खेळ वाईट असतात असं नाही. ‘दोन खरं, एक खोटं’ घ्या. कुणीतरी म्हणतं, ‘ह्या बाई गड चढल्या? शक्यच नाही!’ इथे बाईंपेक्षा बोलणाऱ्याचीच ओळख जास्त होते, नाही का? खेळाची खरी गंमत तिथेच आहे, आणि तो घेणारे नेमके तिथूनच घाईनं पुढे सरकतात.

आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अनोळखी माणसांच्या जोड्या बसवून छत्तीस प्रश्नांचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळं मिळून पाऊण तास. प्रश्न हलक्यापासून हळूहळू खोल जाणारे, आणि उत्तर दोघांनीही द्यायचं. नुसत्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना जास्त जवळीक वाटली. पायरीपायरीनं जाणं आणि दोन्ही बाजूंनी बोलणं, या दोन गोष्टी त्यात पक्क्या होत्या. पहिल्याच फेरीत ‘तुमची सगळ्यात मोठी भीती सांगा’ म्हणणारा आणि स्वतः काहीच न सांगणारा साहेब दोन्ही मोडतो. नोकरीवर नवा असलेला मुलगा त्याला नाही कसं म्हणणार?

आणि आपल्या समाजात आणखी एक गोष्ट आहे, ती परदेशी पुस्तकातून आणलेल्या खेळात सापडायची नाही. ‘पूर्ण नाव सांगा, गाव कुठलं, वडील काय करतात.’ विचारणाऱ्याला हे निरागस वाटतं. पण आडनाव आणि गाव कळलं की जात ताडणारे कान आपल्याकडे कमी नाहीत. गोलात बसलेल्या एखादीच्या पोटात आपली पाळी यायच्या आधीच गोळा आलेला असतो. शाळेपासून ती हे झेलत आलेली असते. अशा वेळी ओळखीच्या खेळात वर्णन मिळतं आणि परिचयाची वाट बंद होते.

मग ‘तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारलेली आवडेल?’ एवढंच विचारावं. कुणी अभिमानानं आडनावासकट सांगेल, तो त्याचा हक्क. कुणी ‘पास’ म्हणेल, तर पुढच्याकडे वळावं, कारण विचारू नये.

हं, दुसरी चिठ्ठी द्या.