चार सीटची गाडी, पाच माणसांचा उमरा

कापड घेताना आपण आधी पन्ना बघतो. रंग कितीही खुललेला असो, पन्ना कमी पडला तर कुडता बेतत नाही. दुकानात ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगण्यात माझे आयुष्य गेले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मी स्वतःच ती विसरलो.

माझा भाचा दुबईत नोकरीला आहे. पगार चांगला, शौक त्याहून मोठा. २०२१ साली त्याने आठ सिलिंडरची, दोन दरवाजांची स्पोर्ट्स कार घेतली. त्याच पैशात सात सीटची गाडी येत होती. घरात आई, बायको आणि लहान मुलगी. मी पाहुणा म्हणून गेलो आणि उमऱ्याचा बेत ठरला. दुबईहून रियाध, तायफमार्गे मक्का, सुमारे १,९०० किलोमीटर.

गाडीत जागा चार, आम्ही पाच. खरे तर मी जेद्द्यापर्यंत विमानाने जायला हवे होते. भाचा म्हणाला, "मामू, घरची गाडी असताना तिकीट कशाला?" मीही मनातल्या मनात तिकिटाचे पैसे वाचवले. शेवटी भाचेसूनच म्हणाली, "मी पुढच्या वेळी जाईन." आम्ही कोणीच तिला दुसऱ्यांदा विचारले नाही.

गाडी मुराबहावर घेतलेली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात बँक वस्तू आधी स्वतः विकत घेते आणि ठरलेला नफा धरून आपल्याला हप्त्यांनी विकते. सूद नाही, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी तारण असते. म्हणून ती देशाबाहेर न्यायची तर बँकेचे ना-हरकत पत्र लागते. त्या पत्रापायी दोन दिवस गेले. गुवैफातची सरहद्द ओलांडल्यावर सौदीचा वेगळा विमा. मुल्किया, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, प्रत्येक खिडकीवर दाखवायचे.

आपाचे गुडघे दुखतात. तिला पुढे बसवले. मी आणि मुलगी मागे. मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून आत शिरायचे. छत मागे उतरत गेलेले, माझी टोपी काचेला घासत होती. मागच्या काचा उघडत नाहीत. डिकीत दोन बॅगा बसल्या, तिसरी मुलीच्या पायाशी. पेट्रोल पंपावरच्या गतिरोधकावर गाडीचे पोट घासले की भाच्याचा चेहरा उतरायचा.

रस्ता मात्र सुरेख. सौदीतील काही महामार्गांवर २०१८ पासून ताशी १४० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि कॅमेरे जागोजागी. भाच्याची गाडी अडीचशेला सहज जाते. म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले, तो वेग कायद्याने वापरताच येत नाही. पेट्रोल ९५ नंबरचेच लागते. आमच्या हिशेबाने शंभर किलोमीटरला १२ लिटरच्या आसपास जळाले. टाकी साठ लिटरची, त्यामुळे दर चार-साडेचारशे किलोमीटरला थांबणे आले. आपाच्या गुडघ्यांना तेवढाच आराम.

रियाधच्या पुढे तीन तासांवर टायर फुटला. डिकी उघडली तर स्टेपनीच नाही! अशा पुष्कळ गाड्यांत स्टेपनीऐवजी हवा भरायचा लहान पंप आणि भोक बुजवायचे रसायन देतात. खिळा रुतला तर ते चालते. आमचा टायर बाजूने फाटला होता. रिकव्हरीची गाडी आली. जवळच्या गावात तेवढ्या रुंद, चपट्या टायरचा माल कोणाकडे नव्हता, तो तायफहून मागवावा लागला. दुकानदार बिचारा भला, त्याने चहा पाजला. पण चालत्या मापाचा टायर असता तर अर्ध्या तासाचे काम होते. माझ्या विमान तिकिटाचे पैसे त्या एका टायरमध्ये आणि वाहतुकीत गेले. वर हॉटेलची एक रात्र.

तायफच्या पुढे कर्न अल-मनाझिल येथे मीकात. तिथे इहराम बांधला. दोन बिनशिलाईच्या चादरी. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला त्या सावरणे अवघड नसावे, पण खोल सीटमधून, दोन्ही हातांनी चादर धरून बाहेर निघताना मला भाच्याने ओढून काढले. मुलगी पोट धरून हसली. मग तिने विचारले, "अम्मी असती तर कुठे बसली असती?"

तवाफ करताना हा प्रश्न माझ्याबरोबर होता. दुआ मागितली, माफीही मागितली. परतताना मी जेद्द्याहून विमानाने मुंबईला आलो.

२०२४ मध्ये भाच्याने ती गाडी विकली. आलेल्या पैशात बँकेचे देणे जेमतेम फिटले. तीन वर्षांच्या हप्त्यांतले हाती काही उरले नाही. साठवलेल्या पैशांतून जुनी सात सीटची गाडी रोखीने घेतली आणि त्याच हिवाळ्यात सगळे पुन्हा निघाले. भाचेसून पुढच्या सीटवर. आपाने फोनवर सांगितले की निघण्याआधी पोरीने वाकून स्टेपनी आहे का ते बघून घेतले.