१८६६ चे दोन ठिपके

१८६६ साली साडेचार महिन्यांच्या अंतराने लघुग्रहांच्या यादीत दोन नावे चढली. १६ मे रोजी मद्रास वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सन यांनी ८७ वा लघुग्रह शोधला, तो सिल्व्हिया. १ ऑक्टोबरला जर्मनीत रॉबर्ट लुथर यांना ९० वा सापडला, तो अँटिओपी. दोन्ही मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या मुख्य पट्ट्यातले, आणि दुर्बिणीतून पाहिले तर नुसते ठिपके. हे ठिपके एकटे नाहीत, हे कळायला २००० आणि २००१ साल उजाडावे लागले.

पॉग्सन १८६१ मध्ये सरकारी खगोलज्ञ म्हणून मद्रासला आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी ६७ वा लघुग्रह टिपला. आशिया खंडातून शोधलेला तो पहिलाच, म्हणून नाव एशिया. फोटोची सोय नव्हती. रात्रीमागून रात्री आकाशाचा तोच तुकडा नकाशाशी ताडायचा आणि जो ठिपका जागा सोडेल तो धरायचा, एवढीच पद्धत. पुढे १८६८ मध्ये कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा त्यांच्या हाती लागले. ताऱ्यांच्या तेजस्वितेची आज जगभर वापरात असलेली मोजपट्टीही त्यांनीच १८५६ मध्ये बसवून दिली होती. व्हेरानंतर भारतातून नवा लघुग्रह मिळाला तो थेट १९८८ मध्ये. कावलूरहून आर. राजामोहन यांनी शोधलेल्या त्या लघुग्रहाला रामानुजन यांचे नाव दिले आहे.

पॉग्सन मद्रासला ठिपके मोजत होते, त्याच सुमारास महाराष्ट्रात गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे पंचांगाचे गणित तपासत होते. त्यांनी १८६५ मध्ये सुरू केलेल्या पटवर्धनी पंचांगामागे एकच आग्रह होता: कागदावरचे गणित आकाशात दिसले पाहिजे. लोकमान्य टिळकांनी तो आग्रह पुढे नेला आणि १९२० मध्ये सांगलीत भरलेल्या ज्योतिष संमेलनापर्यंत त्यावरचा वाद पोचला. जोडीदार असलेल्या लघुग्रहांची कथाही याच कसोटीवर घासली गेली. इथे तर्क खूप आधी आले, प्रत्यय फार उशिरा आला.

१९०१ मध्येच फ्रेंच खगोलज्ञ शार्ल आंद्रे यांनी पृथ्वीजवळून जाणाऱ्या इरॉसचा प्रकाश कमीजास्त होताना पाहून त्याला जोडीदार असावा, असे सुचवले. इरॉस नुसताच लांबुळका निघाला. ७ जून १९७८ रोजी हर्क्युलिना नावाचा लघुग्रह एका ताऱ्यासमोरून गेला. तारा मुख्य पिधानाखेरीज, म्हणजे लघुग्रहाने त्याला झाकण्याखेरीज, आणखी एकदा क्षणभर विझला, तेव्हा हर्क्युलिनाला चंद्र असल्याची चर्चा झाली. पुढे हबल दुर्बिणीने पाहिले, तर तिथे काहीच नव्हते. अशा फसगतींमुळे लघुग्रहाला चंद्र असू शकतो, ही कल्पनाच बरेच जण हसण्यावारी नेऊ लागले.

तो संशय यानाने फेडला. गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान २८ ऑगस्ट १९९३ रोजी इडा या लघुग्रहाजवळून गेले. छायाचित्रे सावकाश पृथ्वीवर येत राहिली आणि १७ फेब्रुवारी १९९४ रोजी ॲन हार्च यांना त्यांत इडाशेजारी जेमतेम दीड किलोमीटरचा एक गोळा दिसला. त्याचे नाव डॅक्टिल. लघुग्रहाचा खात्रीने सापडलेला हा पहिला चंद्र.

मग जमिनीवरच्या दुर्बिणींनीही जोर धरला. हवेच्या थरथरीने फिसकटणारी प्रतिमा सावरण्यासाठी सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलणारे आरसे आले. १९९८ मध्ये युजेनिया या लघुग्रहाचा चंद्र त्यामुळेच दिसला. २००० मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीने अँटिओपीकडे पाहिले आणि ठिपका मधोमध दुभंगला. एक मोठा, एक लहान असे काही नाही. जवळजवळ सारख्या आकाराचे दोन गोळे, प्रत्येकी सुमारे ८६ किलोमीटर व्यासाचे, सुमारे १७० किलोमीटर अंतर राखून साडेसोळा तासांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात.

हे अंतर आपल्या नकाशावर सरळ रेषेत मांडता येते. एका गोळ्याचा मध्य पुण्यात ठेवला, तर दुसऱ्याचा मध्य इस्लामपुरात येतो. पहिल्याची कड शिरवळला संपते, दुसऱ्याची उंब्रजला सुरू होते, आणि मधल्या मोकळ्या जागेत सातारा शहर सापडते.

२००५ मध्ये या जोडीच्या कक्षेचे प्रतल असे आले की दोघे एकमेकांना ग्रहण लावू लागले, आणि त्या ग्रहणांच्या वेळा आधी केलेल्या गणिताशी जुळल्या. छत्रे-टिळकांना आवडावी अशीच ती परीक्षा होती. १९ जुलै २०११ रोजी अँटिओपीने एक तारा झाकला, तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम भागात पसरलेल्या निरीक्षकांनी वेळा टिपून दोन्ही गोळ्यांच्या आकृत्या रेखाटल्या. त्यांत हौशी मंडळींचा मोठा वाटा होता.

पॉग्सनच्या सिल्व्हियाला २००१ मध्ये एक चंद्र सापडला, २००४ च्या छायाचित्रांत दुसरा. दोन चंद्र असलेला हा पहिला ज्ञात लघुग्रह. सिल्व्हिया ही रोमच्या पुराणकथेतली आई, म्हणून चंद्रांना तिच्या जुळ्या मुलांची, रोम्युलस आणि रीमसची, नावे मिळाली. मद्रासचीच कॅमिलाही मागे राहिली नाही. तिचा एक चंद्र २००१ मध्ये हबलने दाखवला, दुसरा २०१६ मध्ये सापडला.

एवढा खटाटोप कशासाठी? एकट्या लघुग्रहाचे वजन काढणे फार अवघड. जोडीदार मिळाला की त्याची कक्षा आणि फेरीचा काळ मोजून केप्लरच्या नियमाने वस्तुमान कळते, आकार ठाऊक असेल तर घनताही. सिल्व्हिया आणि अँटिओपी यांची घनता पाण्याच्या दीडपटीहूनही कमी भरली. म्हणजे हे अखंड खडक नव्हेत. पूर्वीच्या टकरींतल्या तुकड्यांचे, आत पोकळ्या राहिलेले ढीग आहेत. लहान लघुग्रहांची तऱ्हा वेगळी. ऊन शोषून उष्णता बाहेर टाकताना त्यांना बारीक रेटा बसतो, लाखो वर्षांत गिरकी वाढत जाते आणि शेवटी सुटे झालेले द्रव्य बाजूला जमून चंद्र घडतो. १ नोव्हेंबर २०२३ रोजी लूसी यान पाऊण किलोमीटरच्या डिंकिनेश या लघुग्रहाजवळून गेले, तेव्हा त्याचा चंद्रही एकमेकांना टेकलेल्या दोन गोळ्यांचा निघाला.

आता शोधांचा वेग प्रचंड आहे. सांगलीशेजारच्या कुरुंदवाडला जन्मलेल्या खगोलज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेत झ्विकी आकाश-सर्वेक्षण उभे राहिले; २०१८ पासून ते उत्तरेकडचे आकाश पुन्हापुन्हा पालथे घालत आहे. २०२५ मध्ये चिलीतल्या रुबिन वेधशाळेने पहिल्या चाचणीच्या काही तासांतच दोन हजारांहून अधिक नवे लघुग्रह दाखवले. नवा ठिपका शोधण्यात हौशी माणसाने या यंत्रांशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. सापडलेल्या ठिपक्याकडे रात्रभर टक लावून बसायला मात्र अशा सर्वेक्षणांना सवड नसते. पट्ट्यातल्या अनेक छोट्या जोड्या प्रकाशाच्या चढउतारांतून ओळखल्या गेल्या त्या चेक खगोलज्ञ पेत्र प्रावेत्स यांच्याशी जोडल्या गेलेल्या लहान वेधशाळांतूनच.

सातारा-सांगलीकरांना इथे वाव आहे. कोयना-महाबळेश्वरला ढग सोडत नाहीत. पण माण, खटाव, आटपाडी, जत हा पट्टा पर्जन्यछायेतला. ज्या कोरड्या आभाळाने इथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या रडवले, तेच निरीक्षकाला हवे असते. आठ इंची दुर्बीण, कॅमेरा आणि अचूक घड्याळ एवढ्या भांडवलावर महाविद्यालयांना हे काम सुरू करता येईल. पिधानाच्या रात्री वडूज, विटा, आटपाडी, जत अशा ओळीत निरीक्षक उभे राहिले, तर लघुग्रहाची आकृती निघू शकते. दोन्ही जिल्ह्यांतल्या विज्ञान शाखांनी येत्या हिवाळ्यात एक लघुग्रह निवडावा आणि त्याच्या प्रकाशाची नोंद ठेवायला लागावे.