कुऱ्हाडीचें पाणी कां उतरतें?

गेल्या उन्हाळ्यांत बांधावरची बाभूळ तोडतांना आमच्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला. नेढ्यांत अडकलेला तुकडा निघेना, म्हणून आम्हीं ती कुऱ्हाड शेणीच्या आगटींत टाकली. लांकूड जळून गेलें. परंतु नवा दांडा बसवून घाव घालतांच धार वळली. कोरी करकरीत कुऱ्हाड आम्हीं आपल्याच हातानें वायां घालविली. महसूल खात्यांत आमचें आयुष्य कागदांत गेलें. हें ज्ञान उशिरां झालें. तें वाचकांस नुकसानीवांचून व्हावें, म्हणून हा लेख.

कोणताहि धातु असंख्य बारीक कणांचा बनलेला असतो, व प्रत्येक कणांत परमाणु रांगेनें लागलेले असतात. थंड धातूवर घण पडला म्हणजे कण चपटतात आणि रांगांत गुंता होतो. गुंतलेल्या रांगा सहज सरकत नाहींत, म्हणून धातु कठिण होतो. बांधकामाची मऊ काळी तार एकाच जागीं पुनःपुन्हां वांकवून पाहावी. ती तेथें आधीं ताठर होते, मग तुटते.

पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत हाच गुण पिढ्यान्‌पिढ्या कामास लाविला आहे. तांब्याचा पत्रा ठोकतां ठोकतां ताठर झाला कीं तांबट तो भट्टींत लाल करितो. उष्णतेनें गुंतलेल्या कणांच्या जागीं सरळ रांगांचे नवे कण जन्मास येतात व पत्रा पुन्हां मऊ होतो. यास शास्त्रांत पुनःस्फटिकीभवन म्हणतात. भांड्यास आकार आल्यावर तांबट तें शेवटीं मठारतो. त्या ठोक्यांनीं भांडें देखणें होतें आणि कठिणहि.

शुद्ध व पुष्कळ ठोकलेल्या तांब्यांत हा पालट सुमारें २०० अंश सेल्सिअसपासून सुरू होतो, तर लोखंडांत सुमारें ४५० अंशांस. शिसें घरांतल्या उबेंतच पालटतें. म्हणून तें कितीहि ठोकलें तरी कठिण राहत नाहीं. आंच फार वेळ दिली तर नवे कण वाढून धातु अधिकच मऊ पडतो.

चाकणच्या माळावरील ज्या गटांचे कागद आमच्या हातांखालून गेले, त्यांतील कित्येकांवर आज कारखाने उभे आहेत. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत मोटारींसाठीं साच्यांत दाबले जाणारे पोलादी पत्रे याच रीतीनें आधीं मऊ केलेले असतात. नाहींतर खोल आकार घेतांना ते फाटतील.

कुऱ्हाडीची गोष्ट थोडी निराळी. तिच्या धारेचा कठिणपणा घणाचा नसून पाण्याचा असतो. पोलाद सुमारें ८०० अंशांपर्यंत लाल करून पाण्यांत बुडविलें म्हणजे त्यांतील कार्बन आंत अडकून पडतो व धार कठिण पण ठिसूळ होते. तांबें मात्र असें बुडविलें तरी मऊच राहतें. मग लोहार पोलादास पुन्हां थोडी आंच देऊन ठिसूळपणा घालवितो. ही दुसरी आंच निळ्या रंगाच्या, म्हणजे सुमारें ३०० अंशांच्या, जसजशी पुढें जाते तसतशी धार मऊ पडते. आमच्या आगटीनें तेंच केलें. सारांश, कठिणपणा घणानें आलेला असो वा पाण्यानें, आगीपुढें तो टिकत नाहीं.

म्हणून शेतकरी बंधूंनीं इतकें ध्यानांत ठेवावें. मोडका दांडा शक्यतों ठोकून अथवा कोरून काढावा. जाळणेंच भाग पडलें तर पातें ओल्या मातींत पुरून फक्त नेढें आगीकडे ठेवावें. विळा, कोयता विजेच्या सहाणेवर धरतांना वरचेवर पाण्यांत बुडवावा. धारेवर निळी झांक दिसली कीं तेथलें पाणी उतरलें असें समजावें. ट्रॅक्टरची वांकलेली खीळ तापवून सरळ करूं नये, नवी आणावी; तापविलेली खीळ ऐन नांगरणींत दगा देते.

आमची कुऱ्हाड गांवच्या लोहारानें पुन्हां पाणी देऊन चालती केली. त्यास मजुरी पडली, व दोन दिवस काम खोळंबलें तें निराळेंच.