तक्रारीवरची चिठ्ठी : लेबल

‘प्रिंटर चालत नाही’, ‘व्हीपीएन लागत नाही’ अशा विनंत्या हेल्पडेस्कवर रोज येऊन पडतात. अ‍ॅटलासियनच्या जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट या विनंत्या हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये (2020 पर्यंत नाव जिरा सर्व्हिस डेस्क) प्रत्येक विनंतीला हवी तितकी लेबलं लावता येतात. लेबलात मोकळी जागा चालत नाही, म्हणून ‘तिसरा-मजला’ असं जोडून लिहायचं. इंग्रजीत लिहिताना लहान-मोठ्या लिपीचं भान हवंच. एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिला, तर दोन वेगळी लेबलं होतात आणि महिन्याच्या अहवालातली मोजणी तिथेच फुटते. लेबलं एका प्रोजेक्टपुरती नसतात, सगळ्यांना समाईक असतात; त्यामुळे मान्य लेबलांची यादी आधी ठरवून ती टीमसमोर ठेवणं फार गरजेचं.

खरी फसगत शोधताना होते. ‘प्रिंटर सोडून बाकी सगळं’ असं नकारार्थी विचारलं, की लेबलच नसलेल्या विनंत्या निकालातून गुपचूप गळतात. त्यासाठी ‘किंवा लेबल रिकामं’ ही अट जोडावी लागते. शिवाय एका विनंतीवर दोन लेबलं असली, तर ती दोन्हीकडे मोजली जाते. लेबलवार आकड्यांची बेरीज म्हणजे एकूण विनंत्या नव्हेत, हे साहेबांना तक्ता देतानाच सांगावं.