लिंगझी : एक बुरशी, तीन प्रश्न

घरात कुणाला कर्करोग झाल्याचे कळले, की औषधांबरोबर सल्लेही येऊ लागतात. भेटायला आलेला एखादा नातेवाईक पिशवीतून डबी काढतो आणि सांगतो, ‘चीनमध्ये हे दोन हजार वर्षे वापरतात. घेऊन तर बघा!’ अशा डब्यांवर बरेचदा दिसणारे नाव म्हणजे रेशी किंवा गॅनोडर्मा. चिनी लोक तिला लिंगझी म्हणतात. ही वस्तू आहे तरी काय आणि तिचा खरोखर उपयोग होतो का, हे आज आपण पाहू.

पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर पंख्यासारखी अळंबी फुटतात, ती आपण पाहिलेली असतात. लिंगझी त्यांच्यासारखीच लाकडावर वाढणारी बुरशी. मात्र ती मऊ नसते. लाकडासारखी टणक, चवीला कडू आणि वरून रोगण दिल्यासारखी तांबूस, चकचकीत. लाकडातल्या धाग्यांना लिग्निन नावाचा चिवट पदार्थ बांधून ठेवतो. तो पचवणे फार थोड्या जीवांना जमते. ही बुरशी विकरे सोडून लिग्निन तोडते आणि लाकूड पांढरट, भुसभुशीत होते. ‘शेन्नोंग बेनकाओ जिंग’ या प्राचीन चिनी औषधिग्रंथात ३६५ औषधांचे तीन वर्ग केले आहेत. त्यात अशा बुरश्यांना मान आहे तो पहिल्या वर्गाचा. रानात ती दुर्मीळ, म्हणून फार मोलाची. आता लाकडाच्या भुश्यावर आणि ओंडक्यांवर तिची शेती होते. म्हणूनच ती डबीत भरून आपल्यापर्यंत पोहोचते.

कोणत्याही वनौषधीला विज्ञान तीन साधे प्रश्न विचारते. पहिला प्रश्न, ही नेमकी कोणती? विल्यम कर्टिस या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८१ मध्ये इंग्लंडमधल्या एका चकचकीत बुरशीचे वर्णन केले. तिलाच पुढे गॅनोडर्मा ल्युसिडम म्हणू लागले आणि दिसायला सारखी म्हणून चिनी लिंगझीलाही तेच नाव चिकटले. आनुवंशिक तपासणीत दोन्ही वेगळ्या निघाल्या. २०१२ मध्ये चिनी संशोधकांनी आपल्या बुरशीला गॅनोडर्मा लिंगझी हे नाव दिले. तिचे नामकरण १९८३ मध्येच दुसऱ्या नावाने झाले होते, असे काही शास्त्रज्ञ मानतात. हा वाद केवळ नावाचा नाही. नावच चुकीचे असेल, तर जुने प्रयोग नेमके कशावर झाले, हे कसे ठरवायचे? बाजारात तर आणखी गोंधळ. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या या बुरशीच्या १९ नमुन्यांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले फक्त ५ नमुने डबीवरच्या मजकुराशी जुळले.

दुसरा प्रश्न, तिच्यात आहे काय? मुख्यतः दोन प्रकारची द्रव्ये. एक म्हणजे बीटा-ग्लुकान ही बहुशर्करा. ती बुरशीच्या पेशीभित्तिकेत असते. आपल्या शरीरातल्या संरक्षक पेशी तिला ओळखतात आणि बुरशीने हल्ला केला असे समजून जाग्या होतात. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ या दाव्याचे मूळ इथे आहे. दुसरी ट्रायटर्पिनॉइड द्रव्ये. तिचा कडूपणा त्यांचाच. त्यातली गॅनोडेरिक आम्ले १९८२ मध्ये जपानी संशोधकांनी वेगळी केली. प्रयोगशाळेत यातली काही द्रव्ये कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतात, हे खरे आहे. पण काचेच्या बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. द्रव्य पोटातून रक्तात जायला हवे, पुरेशा प्रमाणात गाठीपर्यंत पोहोचायला हवे आणि वाटेत यकृताला इजा होता कामा नये.

म्हणून तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रोग्याला गुण येतो का? कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात कर्करोगाच्या ३७३ रुग्णांवरील ५ चाचण्या एकत्र तपासल्या. केमोथेरपी किंवा किरणोपचारांच्या जोडीला लिंगझी घेणाऱ्यांचा उपचारांना मिळणारा प्रतिसाद थोडा बरा दिसला. मात्र नुसत्या लिंगझीने गाठ लहान झाली नाही. तिने आयुष्य वाढते, असाही पुरावा मिळाला नाही. शिवाय चाचण्या लहान आणि सदोष होत्या. मुख्य उपचार म्हणून ती वापरावी, याला आधार नाही, असा निष्कर्ष निघाला. त्याआधी २०१५ मध्ये मधुमेहाबाबतच्या आढाव्यातही रक्तातली साखर कमी करण्यासाठी तिचा उपयोग दिसून आला नव्हता.

म्हणजे ही बुरशी थोतांड नाही आणि संजीवनीही नाही. आपल्या सह्याद्रीत फणसाच्या झाडावर येणारा फणसांबा लहान मुलांच्या तोंडाच्या तक्रारींवर परंपरेने वापरतात. तीही लाकडावरचीच बुरशी आणि तिलाही हेच तीन प्रश्न विचारायला हवेत. परंपरा आपल्याला कुठे शोधायचे ते दाखवते. हाती काय लागले, ते तपासूनच ठरते.

डबी आणणाऱ्याची माया खरी असते, तिचा अव्हेर करू नये. ती डबी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी आणि चालू औषधांबरोबर ती चालेल का, हे विचारावे. पण तिच्या भरवशावर ठरलेली शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी पुढे ढकलू नये. डबीवर गेलेले पैसे पुन्हा मिळवता येतील. उपचाराविना गेलेले महिने मात्र परत येत नाहीत.