वाफेचा वेग आणि पार्सन्सचे टरबाइन

जुन्या वाफयंत्रात वाफेचा दाब दट्ट्याला मागेपुढे ढकलतो व ती गती मागाहून चक्राकार करून घ्यावी लागते. टरबाइनमध्ये हा मधला व्याप नाही. तेथे प्रसरण पावणारी वाफ वेग घेते आणि पात्यांवरून वळताना दांडा फिरविते. कल्पना सोपी आहे. अडचण आहे ती वेगाची.

उच्च दाबाची वाफ निर्वाताकडे एकदम सोडली, तर तिचा वेग सेकंदाला १,००० मीटरांच्याही वर जातो. अशा झोतातून पुरेपूर काम घ्यावयाचे, तर पात्यांचा वेग त्याच्या सुमारे निम्मा असावा लागतो; आणि इतक्या वेगाने फिरणारे मोठे चाक केंद्रोत्सारी प्रेरणेने फुटण्याचे भय असते. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी लहान चाक मिनिटास ३०,००० फेऱ्यांपर्यंत फिरविले. परंतु तो वेग दंतचक्रांनी उतरवावा लागे. मोठ्या शक्तीच्या यंत्रास हा मार्ग सोयीचा नव्हता.

इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ मध्ये निराळा मार्ग काढला. वाफेचा दाब एकदम न उतरविता पायरीपायरीने उतरवावा, हे त्यांचे सूत्र होय. वेग हा मुक्त झालेल्या ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून त्या ऊर्जेचे १६ समान भाग केले, की प्रत्येक पायरीवरील वेग एकचतुर्थांश होतो.

यंत्राची रचना या सूत्रातूनच निघते. कवचाला आतून बसविलेल्या स्थिर पात्यांचे एक कडे, त्यानंतर दांड्यावरील फिरत्या पात्यांचे एक कडे, असा क्रम शेवटपर्यंत चालतो. स्थिर पाती वाफेस वेग व दिशा देतात. पार्सन्सच्या पद्धतीत फिरत्या पात्यांतही वाफ प्रसरण पावते. त्यामुळे आघाताला प्रतिक्रियेची जोड मिळते. दाब उतरतो तसतसे वाफेचे आकारमान वाढते, म्हणून पाती उत्तरोत्तर लांब होत जातात. अखेरीस संघनकात वाफेचे पाणी होते व तेथील निर्वात टिकून राहतो.

पार्सन्सचे पहिले यंत्र अवघे ७.५ किलोवॅटचे असून मिनिटास १८,००० फेरे करी. १८९७ मध्ये स्पिटहेड येथील आरमारी संचलनात त्यांच्या ‘टर्बिनिया’ नौकेने सुमारे ३४ नॉट वेग दाखविला, आणि टरबाइनविषयीची शंका फिटली. आज कोराडी व चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांत कोळशाच्या उष्णतेची वीज होते, तीही वाफेने या पायऱ्या उतरल्यावरच.