तोंडावरचा मुरूम आणि कपाटातली ट्यूब

ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) 'मुरूम' म्हटलं की रस्त्याची बिलं आठवतात. उमरगा तालुक्यातल्या माणसाला आपलं मुरूम गाव आठवतं. आणि ज्याच्या घरात पंधरा-सोळा वर्षांचं लेकरू आहे त्याला आठवतो तिसराच मुरूम, तोंडावरचा. आज बोलायचं आहे ते या तिसऱ्याबद्दल.

शेतकरी बंधू-भगिनींनो, तुम्ही म्हणाल, सोयाबीनचा भाव, पीक विमा आणि टँकर सोडून या पानावर पोरांच्या पुटकुळ्या कशाला? तर गावातल्या कुठल्याही मेडिकलवर अर्धा तास उभं राहून बघा. "भाऊ, पोरीच्या तोंडावर लई पुटकुळ्या यायल्यात, एखादी चांगली ट्यूब द्या बरं." भाऊ फळीवरची ट्यूब काढून देतो. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही. हीच ट्यूब गजकर्णाला, हीच खाजेला, हीच गोरं व्हायला. पंचवीस-पन्नास रुपयांत काम झालं असं वाटतं.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. पुतणी बारावीला होती. अशीच एक ट्यूब आणली. चार दिवसांत तोंड लख्ख. आमच्या वहिनी गावभर सांगत सुटल्या. शेजारच्या दोघींनीही तीच आणली. आठ-नऊ महिने पोरगी रोज रात्री ती लावत होती. मग सुगीच्या गडबडीत ट्यूब संपली आणि पंधरा दिवस कुणी आणली नाही. तोंड लालबुंद झालं, आग व्हायला लागली, पहिल्यापेक्षा दुप्पट पुटकुळ्या आल्या. उन्हात जाईना, चुलीपुढं बसवेना. पोरगी घरातसुद्धा स्कार्फ बांधून बसायची. कॉलेज महिनाभर बंद. त्यात पाहुणे बघायला यायचे होते, त्यामुळं घरात वेगळाच घोर. उपाय काय केला? तीच ट्यूब परत आणली! दोन दिवसांत आग थांबली. सगळ्यांना वाटलं, औषध खरंच गुणाचं आहे, बंद केलं म्हणूनच त्रास झाला.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी तोंडाआधी ट्यूब बघायला मागितली.

त्या ट्यूबमध्ये होतं स्टेरॉइड. हे कसं काम करतं ते शेतकऱ्याला सांगायला वेळ लागत नाही. पिवळ्या पडलेल्या पिकावर नुसता युरिया टाकला की आठवड्यात रान हिरवंगार दिसतं. बांधावरून जाणारा म्हणतो, काय पीक आहे! पण पान लुसलुशीत झालेलं असतं, मूळ दुखणं तसंच असतं, आणि पुढं रस शोषणारी कीड त्याच रानावर तुटून पडते. स्टेरॉइड लालसरपणा आणि सूज दाबून टाकतं, म्हणून चार दिवसांत फरक दिसतो. पुटकुळी ज्यामुळं आली ते कारण जागेवरच राहतं. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, मुलींच्या तोंडावर लव वाढते, आणि खुद्द स्टेरॉइडमुळंच नवे मुरूम येतात. बंद केलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा लावतो. व्यसनाचीच गत म्हणा.

औषध वाईट नाही, हेही सांगायला हवं. १९५२ पासून जगभर कातडीच्या दुखण्यांवर लावायचं स्टेरॉइड वापरतात. इसबासारख्या दुखण्यात त्याच्याइतकं गुणकारी औषध दुसरं सापडणं अवघड. पण ते कुठं, किती दिवस आणि किती कडक लावायचं, हे डॉक्टरनं ठरवायचं असतं.

आमची पुतणी एकटी नाही. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण त्यांनी तपासले. त्यातले ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते. त्यातल्या ३९२ जणांना त्याचा अपाय झालेला होता, आणि सर्वांत जास्त आढळलेला अपाय कोणता, तर मुरूम येणं किंवा असलेले वाढणं! म्हणजे ज्यासाठी लावलं तेच पदरात पडलं. निम्म्याहून अधिक लोकांना हे औषध डॉक्टरनं सांगितलेलंच नव्हतं. कुणाला मैत्रिणीनं, कुणाला दुकानदारानं, कुणाला पार्लरवालीनं.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं लावायच्या स्टेरॉइडची १४ औषधं शेड्यूल एचच्या कडक नियमात आणली. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला, फळीवरची ट्यूब मात्र फळीवरच आहे. तेव्हा ओळखायला आपणच शिकलेलं बरं. घरातल्या शिकत्या पोराला ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला लावा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एकही नाव दिसलं तर ती ट्यूब मुरमाची नाही. काही ट्यूबमध्ये मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं तिहेरी मिश्रण असतं. गोरं होण्यासाठी सर्रास खपतं ते हेच. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा लाल-पिवळा त्रिकोण बघायची सवय आपल्याला लागली आहे. पोरांच्या तोंडाला लावायच्या औषधाचा डबा मात्र आपण उलटून बघत नाही.

आणि ज्याच्यावर नाव, पत्ता, घटक काहीच छापलेलं नाही, अशी आठवडी बाजारातली किंवा पार्लरमधली डबी तर घेऊच नका. जानेवारी २०२३ मध्ये अकोल्याची बातमी आली होती. स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेली गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातल्या तिघींचे, आई आणि दोन मुलींचे, मूत्रपिंड बिघडले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. लावायची क्रीम तोंडाला आणि निकामी झाली किडनी.

मग करायचं काय? आधी मुरूम येतो कशानं ते बघू. वयात येताना अंगात जी संप्रेरकं वाढतात त्यांच्यामुळं कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी जोमानं काम करायला लागतात. केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र मेलेल्या कातडीनं बुजतं. आत तेल तुंबतं, तिथं कायम राहणारे जिवाणू वाढतात, सूज येते, पू धरतो. ठिबकच्या नळीचं छिद्र क्षारानं बुजल्यासारखंच. याला ना 'उष्णता' जबाबदार, ना घाण. काळी टोकं दिसतात तीही मळाची नव्हेत. म्हणून तोंड खसाखसा घासून काही साधत नाही, उलट कातडी सोलते.

धुवायचं ते दिवसातून दोन वेळा, हातानं, हलकेच. आता इथं सामूचा मुद्दा येतो. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर सामू बघता ना, तसा कातडीलाही सामू असतो, साधारण साडेपाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. अंगाचा नेहमीचा साबण असतो नऊ-दहाच्या घरात. कपड्याच्या साबणानं तोंड धुणारेही आपल्याकडे कमी नाहीत! त्यात आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. साबण फेसाळत नाही, त्याची साय कातडीवर बसते. म्हणून तोंडासाठी सौम्य फेसवॉश घ्यावा, महागडाच हवा असं नाही. धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटली तर समजावं की माल कडक आहे. अशा वेळी पातळ, तेलकट नसलेलं मॉइश्चरायझर थोडं लावावं. मुरूम आहेत म्हणून तोंड कोरडं ठक्क ठेवायचं नसतं.

मुरमावरची खरी औषधं दोन-तीनच, आणि जुनी-जाणती. एक बेन्झॉइल पेरॉक्साइड. सुरुवात अडीच टक्क्यांच्या जेलपासून करतात. याचा एक त्रास म्हणजे उशीचा अभ्रा, टॉवेल आणि ओढणी यांचा रंग उडतो, तेव्हा जुनं कापड वापरा. दुसरं अ‍ॅडापलीन. हे बुजलेलं छिद्र मोकळं करतं. रात्री तोंड धुऊन, पूर्ण कोरडं झाल्यावर हरभऱ्याच्या दाण्याएवढं घ्यायचं आणि ते सगळ्या तोंडाला पसरायचं. नुसत्या पुटकुळीवर ठिपका द्यायचा नाही. फवारणी आपण दिसलेल्या अळीवर करतो का? सगळ्या पिकावर करतो. तसंच हे. पहिले आठ-दहा दिवस एक रात्र आड लावलं तर झोंबणं कमी होतं. गरोदर बाईनं किंवा जिला दिवस राहण्याची शक्यता आहे तिनं अ‍ॅडापलीन लावू नये. ही औषधंही एकदा डॉक्टरला दाखवून, त्यांच्या सल्ल्यानंच सुरू करा.

आणि आता सगळ्यांत अवघड गोष्ट, धीर. पहिले दोन-चार आठवडे तोंड कोरडं पडतं, कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. सोयाबीन पेरल्यापासून निघायला जेवढे दिवस, साधारण तेवढेच. पेरणीनंतर पंधराव्या दिवशी शेंगा दिसेनात म्हणून कुणी रान नांगरत नाही. पण पोरं मात्र पंधरा दिवसांत औषध बदलतात आणि चार दिवसांत गुण देणाऱ्या त्या ट्यूबकडे परत जातात.

पू झालेल्या मुरमावर अँटिबायोटिकचं जेल मिळतं. ते एकटंच महिनोन्‌महिने लावत राहिलं तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. एकच कीटकनाशक सारखं फवारल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून डॉक्टर त्याच्या जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात.

घरगुती उपायांचंही बोलू. लिंबू पिळून तोंडाला लावून उन्हात रानात गेलं तर कातडी भाजून काळे डाग पडतात. टूथपेस्ट नको, मीठ नको. हळदीनं फारसा अपाय होत नाही, पण मुरूम जातील ही आशा तिच्यावर ठेवू नये. डोक्याला चपचपीत तेल लावून झोपणाऱ्यांच्या कपाळावर पुटकुळ्या येतात, तेव्हा तेल बेतानं आणि कपाळापासून लांब. स्कूटीवर बांधायचा स्कार्फ रोज धुतलेला हवा. मुरूम पिळायचा नाही. खड्डा पडतो आणि तो मात्र जन्माचा. उन्हानं डाग अधिक गडद होतात, म्हणून रानात जाताना टोपी, पदर, रुमाल, जे असेल ते घ्या. सनस्क्रीन परवडत असेल तर तेलकट नसलेलं आणि ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं घ्या.

खाण्यापिण्यात गोड, मैदा, बिस्किटं आणि बाटलीतली पेयं कमी केल्यानं काहींना बरं वाटतं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या बापांनी एवढं बघावं की पोरगं तालमीत कसली पावडर खातंय, कसलं इंजेक्शन घेतंय. अंग फुगवणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनानं पाठ आणि छाती मुरमांनी भरते, आणि त्याहून वाईट गोष्टीही होतात. मुलीला मुरमांबरोबर पाळी अनियमित येत असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर नुसतं तोंड बघून भागत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. "लग्न झालं की जातात" हे ऐकून पोरीला गप्प बसवू नका. काहींचे जातात, काहींचे तिशीपर्यंत राहतात, आणि तोवर पडायचे ते खड्डे पडून जातात.

गाठी येणारा, दुखणारा, खड्डे पाडणारा मुरूम असेल तर वेळ घालवू नका. त्यावर आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी आहे, तिचा गुण मोठा. पण गरोदरपणात ती घेतली तर बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून ती दुकानातून आपापली आणायचीच नाही.

जायचं कुठं? धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कळंबकडच्यांना अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, उमरगा-लोहाऱ्याला लातूर, तुळजापूरला सोलापूर. तिथल्या सरकारी दवाखान्यात कातडीचा विभाग असतो. एवढं लांब जायचं नसेल तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला विचारा, ई-संजीवनीवरून डॉक्टरशी फुकट बोलता येतं. आशाताई आणि शाळेच्या मास्तरांनी वयात आलेल्या पोरापोरींना ही वाट दाखवली तर मेडिकलवरची गर्दी थोडी हटेल. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी बाजारात नावगाव नसलेल्या डब्या विकणाऱ्याला हटकावं, आणि चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड विकणाऱ्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, हे लोकांना सांगावं.

आमच्या पुतणीला बरं व्हायला सात महिने लागले. डॉक्टरांनी ती ट्यूब सोडवली, पण सोडताना काय त्रास होईल हे आधी सांगून, आग शमवायला दुसरं औषध देऊन. पाहुणे बघायला आले ते पुढच्या वर्षी. गालावर दोन-तीन बारीक लाल शिरा अजून आहेत.

तुमच्या घरात कुणी अशी ट्यूब महिनोन्‌महिने लावत असेल तर हे वाचून आज रात्रीच ती उकिरड्यावर फेकू नका. आधी डॉक्टरकडे जा, आणि जाताना ती ट्यूब, संपलेली असली तरी, पिशवीत टाकून सोबत न्या.